साहेब गेले, नावं राहिली!

सकाळचे सात. भिवंडीचा कल्याण नाका. शेअर रिक्षात कशीबशी सीट मिळाली की माझा दिवस सुरू! आमच्याकडे पत्ता सांगणं एकदम सोप्पं. कल्याण नाका, वंजारपट्टी नाका, अंजूरफाटा... कुणा लॉर्डची गरजच नाही. पण कल्याणहून लोकल पकडून परळला उतरलं, की साहेबांचा मुलुख सुरू होतो.

पूल ओलांडून आम्ही पोचतो ‘एल्फिन्स्टन’ला. पाटीवर १९ जुलै २०१८ पासून ‘प्रभादेवी’ आहे, मान्य. पण फोनवर तोंडातून काय निघतं, सांगा बरं! हा एल्फिन्स्टन कोण, असं ऑफिसात विचारलं तर सगळे म्हणाले, ‘‘कॉलेजवाला!’’ चूक. कॉलेजवाला माउंटस्टुअर्ट, १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. स्टेशनवाला त्याचा पुतण्या जॉन. तो गव्हर्नर होता १८५३ ते १८६० या काळात.

साहेब ऑफिसातही पाठ सोडत नाहीत. डब्यात सँडविच? तो अठराव्या शतकातला अर्ल ऑफ सँडविच, ब्रिटिश आरमाराचा मंत्री. पॅन्ट्रीत ‘अर्ल ग्रे’ची टी-बॅग? १८३० ते १८३४ इंग्लंडचा पंतप्रधान! त्याच्याच सरकारने १८३३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची चहाची मक्तेदारी मोडली. मला विचाराल तर नाक्यावरची कटिंगच बेस्ट.

वीकेंडला खंडाळ्याला ट्रेक ठरतो, तो ‘ड्यूक्स नोज’चा. हे नाक ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं. १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा आर्थर वेलस्ली तो हाच. पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. गंमत म्हणजे त्या सुळक्याला आपलं झक्कास नाव आहे, नागफणी. तरी ग्रुपवर मेसेज पडतो तो ‘ड्यूक्स नोज’चाच!

मग नावं बदलावीत का? मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, करी रोडचं लालबाग करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या डब्यात यावर जोरदार वाद झाला. कुणी म्हणालं, गुलामीची खूण कशाला? कुणी म्हणालं, आधी गाड्या वाढवा.

मी गप्प होते. एल्फिन्स्टन म्हटलं की मला कुठलाच लॉर्ड आठवत नाही. आठवते २९ सप्टेंबर २०१७ ची पावसाळी सकाळ. परळला जोडणाऱ्या त्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. आपल्यासारखीच, कामावर निघालेली. पुढच्या वर्षी लष्कराने तिथे नवा पूल बांधला, मग पाटीही बदलली.

त्या दिवसापासून आई रोज भिवंडीहून फोन करते. स्टेशनचं जुनं नाव नाही, नवंही नाही. एवढंच विचारते, ‘‘पूल ओलांडलास का गं?’’