आवडत्या हेडफोनाचा वारस

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपल्या घराघरांत ऐकूं येते. परंतु सोनें वितळवून पुन्हा घडवितां येतें; एखादें यंत्र बनविणें कारखान्यानें एकदां बंद केलें, म्हणजे तें पुन्हा मिळणें दुरापास्त होतें. हेडफोनांच्या बाबतींत हा अनुभव आज पुष्कळांस येतो. अनेक वर्षें कानांशीं जडलेली जोडी एके दिवशीं मोडते. दुकानदार सांगतो कीं, हा प्रकार आतां येत नाहीं. आणि त्याच कंपनीची, नांवापुढें मोठा आंकडा लाविलेली नवी जोडी पुढें ठेवितो. ती घरीं आणावी, तर ओळखीचें गाणें परकें वाटतें व अर्ध्या तासांत कान दुखूं लागतात. अशा वेळीं जुन्याचा वारस कसा निवडावा, ह्याचा विचार आम्ही विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडीत आहों. विषय वरवर चैनीचा दिसतो. परंतु एखाद्या मुलाचें सारें शिक्षण ह्याच प्रश्नावर कसें अडूं शकतें, हें पुढें दिसून येईल.

प्रथम थोडा इतिहास पाहूं. सन १९१० मध्यें अमेरिकेंतील युटा प्रांताचे नॅथॅनिएल बाल्डविन ह्यांनीं घरींच तयार केलेले हेडफोन तेथील आरमाराच्या पसंतीस उतरले. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं नभोवाणीचें केंद्र सुरू झालें, त्या काळीं स्फटिकाच्या साध्या रेडिओवर ऐकणारास हेडफोनावांचून गत्यंतर नव्हतें. कारण त्या रेडिओंत आवाज वाढविण्याची सोयच नसे. १९३७ सालीं जर्मनींतील बायर ह्यांच्या कारखान्यानें ‘डीटी ४८’ हा हेडफोन काढला, आणि तो थोडथोडा सुधारत सुमारें पाऊणशें वर्षें विकला गेला. १९७९ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें वॉकमन काढला व हलका हेडफोन सामान्य माणसाच्या डोक्यावर चढला. इतकें दीर्घ आयुष्य लाभलेला डीटी ४८ देखील अखेर बंद झाला. मग इतरांची काय कथा! सुटा भाग पुरविणारा कारखाना बंद पडतो, खप घटतो, किंवा नवी रीत स्वस्त पडते; मग चांगली वस्तूही बाजारांतून उठते.

वारस शोधण्यापूर्वीं जुना खरोखर मेला आहे काय, हें पाहावें. हेडफोनांत आवाज उत्पन्न करणारा भाग म्हणजे एक पातळ पडदा, त्यास चिकटविलेलें तारेचें वेटोळें व त्याभोंवतीं लोहचुंबक. हा भाग सहसा लवकर बिघडत नाहीं. आधीं झिजतात त्या कानावरील गाद्या, वांकून वांकून तुटणारी तार आणि टोंकाची पिन. गाद्यांवरील कृत्रिम चामडें बहुधा पॉलियुरेथेनाचें असतें, व हवेंतील दमटपणानें त्याचे रेणू तुटून त्याचे पापुद्रे सुटतात. वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पासलीसारख्या डोंगराळ गांवीं, जेथें पावसाळ्यांत भिंतींनाही ओल येते, तेथें ह्या गाद्या कोरड्या मुलुखापेक्षां आधीं जाव्यात हें स्वाभाविकच आहे. गादी फाटली म्हणजे कानाभोंवतीं फट राहते, आणि तबल्याच्या बायाचा घुमारा नाहींसा होतो. मालक समजतो कीं, यंत्र म्हातारें झालें. वास्तविक नव्या गाद्यांनीं काम भागतें. मात्र गादीची जाडी व आकार मूळच्याप्रमाणें असावा. ती बदलली कीं आवाजही बदलतो.

जुना हेडफोन खरोखरच निकामी झाला असेल, तर त्याचें नांव विसरून त्याचें काम आठवावें. तो कानावर टेकत होता कीं संपूर्ण कान आंत घेत होता? त्याची पाठ बंद होती कीं जाळीची, उघडी? उघड्या पाठीच्या हेडफोनांतून गाणें मोकळें वाटतें. परंतु बाहेरचा गलका आंत येतो, आणि तो दाबण्यासाठीं ऐकणारा नकळत आवाज वाढवितो. येथें पालकांनीं विशेष लक्ष द्यावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढांनीं आठवड्यास ४० तास ८० डेसिबेलपर्यंत, व मुलांनीं तितकेच तास ७५ डेसिबेलपर्यंत ऐकावें. दर ३ डेसिबेल वाढीस सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढास ८३ डेसिबेलला २० तास, व ८६ ला अवघे १० तास. एसटींत बसून धडे ऐकणाऱ्या मुलाच्या बंद पाठीच्या जोडीजागीं उघड्या पाठीची जोडी दिली, तर ती किंमतीनें भारी असूनही त्याच्या कानांस अपायकारक ठरेल.

दुसरी गोष्ट विजेच्या विरोधाची. हेडफोनाच्या वेष्टणावर ‘ओहम’चा आंकडा असतो, तो मिळता असावा. समजा, आपला फोन एक व्होल्ट देतो. ३२ ओहमच्या हेडफोनास त्यापासून सुमारें ३१ मिलिवॅट शक्ति मिळते. ३०० ओहमच्या हेडफोनास जेमतेम ३.३. बाकी सर्व सारखें असल्यास दुसऱ्याचा आवाज सुमारें १० डेसिबेलनें कमी पडेल. दोष हेडफोनाचा नसून जोडी जुळली नाहीं, एवढाच.

तिसरी गोष्ट आपल्या कानांची. वर्षानुवर्षें एका आवाजाची संवय झाली म्हणजे तोच खरा वाटूं लागतो. म्हणून नव्या जोडीस दोन दिवसांत दोष देऊं नये. दोन हेडफोन ताडून पाहतांना दोहोंचा आवाज सारखा ठेवावा. कारण किंचित् मोठा असलेला आवाज कानास नेहमीं सरस भासतो.

आतां जेथें संवय आणि आवड ह्यांस मुळींच वाव नाहीं, अशा ठिकाणीं ही अदलाबदल कशी करतात तें पाहूं. बहिरेपणाची परीक्षा करणाऱ्या श्रवणमापक यंत्रास हेडफोन जोडलेला असतो. त्या यंत्राचें शून्य म्हणजे निःशब्द शांतता नव्हे. निरोगी तरुण कानांस जेमतेम ऐकूं येणारा सरासरी आवाज म्हणजे तें शून्य. दर स्वरास तें वेगळें, आणि दर प्रकारच्या हेडफोनासही वेगळें. आंतरराष्ट्रीय कोष्टकांत १२५ हर्ट्‌झच्या खोल स्वरासाठीं ‘टीडीएच ३९’ ह्या अमेरिकन हेडफोनाचा आंकडा ४५ डेसिबेल आहे. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीच्या ‘एचडीए २००’ चा, त्याच्यासाठीं नेमलेल्या मापनसाधनावर, ३०.५ आहे. हा एचडीए २०० तपासणाऱ्यांचा मोठा आवडता होता. गोंगाटापासून कान वांचविणाऱ्या पेल्टरच्या वाट्या त्यास बसविलेल्या असल्यानें बाहेरचा आवाज पुष्कळ अडे. तो बंद झाला, तेव्हां त्याच कंपनीनें ‘एचडीए ३००’ पुढें आणला. कंपनी तीच, काम तेंच. तरीही जुनें कोष्टक नव्यास चाललें नाहीं. निरोगी कानांच्या माणसांवर पुन्हा मोजमापें घेऊन नव्याचें स्वतंत्र कोष्टक करावें लागलें.

एवढा खटाटोप कशासाठीं? समजा, पासलीच्या एखाद्या मुलाची तपासणी चालली आहे. पत्र्यावर पावसाचा मारा होत आहे. हेडफोन बाहेरचा आवाज अडवीत नसेल, तर बारीक स्वर पावसांत बुडतील आणि चांगल्या कानांचें मूल बहिरें ठरेल. उलट, मोडलेल्या हेडफोनाजागीं कोणी बाजारांतला दुसरा अडकविला, आणि तो यंत्राच्या आंकड्यापेक्षां १० डेसिबेल मोठा वाजूं लागला, तर ज्या मुलाचें ऐकणें २८ डेसिबेलवर सुरू होतें, त्याचा आंकडा १८ दिसेल. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें निरोगी ऐकण्याची सीमा २० डेसिबेलच्या आंत ठेविली आहे. म्हणजे हें मूल ‘ठीक’ म्हणून घरीं जाईल, मागच्या बांकावर बसेल, आणि ‘लक्ष देत नाहीं’ म्हणून वर्षभर बोलणीं खाईल. चूक दहा डेसिबेलांची. भोगणारा मात्र निरपराध! म्हणून पालकांनीं तपासणीच्या वेळीं एवढें अवश्य विचारावें कीं, हें यंत्र ह्याच हेडफोनासह केव्हां पडताळून घेतलें आहे? मुंबईस वांद्रे येथें १९८३ मध्यें स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणीं शिकलेल्या तज्ज्ञास ह्या प्रश्नाचा राग येणार नाहीं. उलट समाधानच वाटेल.

विद्यार्थिमित्रहो, ह्या सर्वांचें सार थोडक्यांत असें. वारस नांवावरून, रूपावरून किंवा किंमतीवरून ठरत नाहीं. जुन्यानें कोणतें काम केलें तें नीट ओळखून, त्या कामाच्या मापानें नव्यास मोजावें लागतें. आवडती वस्तु हातीं असतांनाच तिचे आंकडे व गादीचें माप वहींत टिपून ठेवावें, पावसाळ्यांत ती कोरड्या डब्यांत ठेवावी, आणि ती गेली म्हणजे ती वही घेऊन बाजारांत जावें. हेडफोन पुन्हा विकत मिळतील. कानांचा वारस मात्र कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं.