थंडावा कुणाच्या वाट्याला?

चैत्र सरला की आमच्या अकोल्यात घरोघरी एकच विषय. यंदा एसी घ्यायचा की कूलरवरच भागवायचं? आमच्याकडेही मुलगा एसीसाठी हटून बसला, ह्यांनी दुकानातून भाव काढून आणले. मी आधी हिशेब मांडला.

दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट वीज खातो. कूलरला एका युनिटमध्ये चार-पाच तास सहज निघतात. महावितरणचा दर १०० युनिटांनंतर चढतो, हे बिल भरणारीला सांगायला नको!

पण नुसतं बिल बघून चालत नाही. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता ओढून घेतं, त्यावर कूलर चालतो. त्याला कोरडी हवा लागते. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला तरी आपल्या वऱ्हाडात कूलर गारवा देतो तो यामुळेच. मृगाच्या सरी आल्या की मात्र नुसती चिकचिक. कोकणातल्या माझ्या नणंदेला म्हणूनच कूलरचा उपयोग नाही. शिवाय रोज पाणी भरायचं, तेही नळ चार दिवसांनी येत असताना!

आता मुद्द्याचं. एसीला दारं-खिडक्या बंद लागतात. म्हणजे खोलीतली मंडळी गार, आणि पोळ्या लाटणारी बाहेर घामाघूम. कूलरला उलट समोरची खिडकी उघडी लागते. तो मधल्या खोलीत लावला, तर वारा स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. झोत थेट शेगडीवर तेवढा येऊ देऊ नका, ज्योत फडफडते.

आम्ही शेवटी दिवसभरासाठी कूलर ठेवला आणि सासूबाईंच्या खोलीत एक टनाचा एसी घेतला. जूनच्या उकाड्यात रात्री सगळ्यांची अंथरुणं तिथेच. २६ वर लावून वर पंखा सोडला की पुरे होतं.

मैत्रिणींनो, कूलर काढाल तेव्हा अर्थिंग तपासून घ्या. पाणी भरताना बटण बंद करून प्लगही काढा, लोखंडी कूलरचा शॉक जिवावर बेततो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून वाळवा, डेंग्यूचे डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच होतात.

आणि दुकानात जाण्याआधी घरात एक प्रश्न जरूर विचारा, “दुपारी ओट्याशी उभी असणारीला यातला वारा लागणार का?”