भुईमुगाच्या दाण्यातील तेल कोंबाच्या कामी कसे येते?

भुईमुगाच्या दाण्यात वजनाच्या जवळपास निम्मे तेल असते. पाने हिरवी होईपर्यंत रोपाची हीच शिदोरी. पण कोंबाला तेल थेट वापरता येत नाही. दाण्याने पाणी शोषले, की लायपेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, तेलाचे विघटन करते. त्यातून सुटलेल्या स्निग्धाम्लांपासून पुढची विकरे साखर बनवतात. तीच मुळाला आणि कोंबाला मिळते. या कामाला प्राणवायू भरपूर लागतो. म्हणून पेरणीनंतर पाणी साचले, तर टपोरा दाणाही जागीच कुजतो. चर काढून पाणी लगेच बाहेर काढा. आणखी एक, बियाण्याच्या शेंगा पेरणीच्या तोंडावरच फोडा. साल निघालेले, फुटके दाणे पेरू नका. उघड्या दाण्यातले तेल हवा व ओल लागून खवट होते, उगवण घटते.