शर्यतीचें एंजिन टिकावें कसें?



पाव मैलाची, म्हणजे सुमारें 402 मीटरांची, सरळ शर्यत दहा-पंधरा सेकंदांत आटोपते. एवढ्याशा अवधीसाठीं एंजिनाच्या टिकाऊपणाची चिंता कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु वाळूजला 1985 सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यापासून छत्रपती संभाजीनगरचें नांव मोटारसायकलीशीं जोडलें गेलें आहे. आणि रविवारीं बंद धावपट्टीवर धांवलेली गाडी ज्याला सोमवारीं कामाच्या पाळीवर न्यावयाची आहे, त्याला ही चिंता करावीच लागते.

शक्ति वाढविण्याचे मार्ग मुख्यतः दोन: एंजिनाचे फेरे वाढविणें, किंवा प्रत्येक फेऱ्यांत अधिक काम करवून घेणें. पहिला मार्ग मोहक, पण महागाचा. पिस्टन वर जाऊन क्षणभर थबकतो व उलट फिरतो. त्या वेळीं कनेक्टिंग रॉडवर बसणारी ओढ फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. मिनिटाला 8,000 फेऱ्यांचे 10,000 केले, तर फेरे सव्वापट होतात; ओढ मात्र दीडपटीहून अधिक होते. रॉड तुटतो तो येथेंच.

दुसऱ्या मार्गावरील वैरी म्हणजे नॉकिंग. ठिणगीनें पेटलेली ज्वाळा पोहोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपोआप भडकतें आणि पिस्टनच्या माथ्यावर आघात होतात. आपलें शहर समुद्रसपाटीपासून पावणेसहाशें मीटरांच्या आसपास उंच. हवा आधींच विरळ, त्यांत वैशाखाचा चाळीस अंशांचा ताप. शक्ति कमी पडली म्हणून उतावळा मनुष्य ठिणगी आणखी आधीं पाडावयास जातो, आणि तापलेल्या हवेंत नॉकिंगला आमंत्रण देतो. त्यापेक्षां एंजिनाला थंड हवा मिळेल अशी सोय करावी.

हल्लींच्या पेट्रोलांत 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. एक भार पेट्रोलाला सुमारें 14.7 भार हवा लागते, तर इथेनॉलला नऊच. अर्थात् जुन्या कार्बुरेटरचा जेट तसाच ठेवला, तर मिश्रण विरळ होऊन पिस्टन तापतो. जेट थोडा मोठा घ्यावा. स्पार्क प्लगचें पोर्सेलीन पांढरें फटक दिसलें, तर तो धोक्याचा इशारा समजावा.

तेलाकडे आमचें सर्वांत कमी लक्ष! थंड तेलावर एंजिन कधीं ताणूं नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच एंजिनाच्याच तेलांत बुडालेला असतो. शर्यतीच्या सुरुवातीस तो घासला कीं त्याची भुकटी त्या तेलांत मिसळते. म्हणून शर्यतींच्या दिवसानंतर तेल बदलावें आणि जुनें तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून पहावें. चकाकणारे धातूचे कण दिसले, तर एंजिन उघडल्यावांचून पुढच्या शर्यतीस जाऊं नये.