भाड्याचें घर आणि अकरा महिन्यांचा नागरिक

मुंबईंत एक वेळ नोकरी मिळेल, पण डोकें टेकावयास जागा मिळणार नाहीं, असें आपले वडीलधारे म्हणत आले. आज ही स्थिति पालटली नसून अधिक बिकट झाली आहे. दादर, माहीम किंवा वांद्रें येथें एक बैठकीची खोली, एक निजावयाची खोली आणि स्वयंपाकघर, म्हणजे बाजारांत ज्यास ‘वन बीएचके’ म्हणतात, एवढी जागा भाड्यानें घेऊं म्हणणाऱ्यानें आधीं हिशेब मांडून पाहावा. उदाहरणादाखल भाडें दरमहा ५० हजार रुपये धरूं. सहा महिन्यांची अनामत ३ लाख, दलालाची दलाली ५० हजार आणि पहिल्या महिन्याचें आगाऊ भाडें ५० हजार. म्हणजे बिऱ्हाडाची पहिली ट्रंक आंत जाण्यापूर्वींच ४ लाख रुपये मोजावे लागतात. आणि इतकें करून हक्क मिळतो तो बहुधा अकरा महिन्यांचा!

हा सुखवस्तूंचा प्रश्न आहे, असें कोणी म्हणेल. तें खरें नाहीं. दादरच्या शाळेंत शिकविणारा शिक्षक आणि तेथील इस्पितळांत रात्रपाळी करणारी परिचारिका यांना हा हिशेब झेपत नाहीं, म्हणून त्यांना विरार-बदलापूर गांठावें लागतें, आणि आयुष्याचे रोजचे तीन-चार तास लोकलच्या गर्दींत घालवावे लागतात.

ही स्थिति कशी आली हें निःपक्षपातानें पाहिलें पाहिजे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ सालीं, मुंबईंत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. पुढें १९४७ च्या कायद्यानें जुन्या जागांचें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलें. हेतु दयेचा होता, आणि तात्पुरता म्हणून केलेला कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षें चालला. १९७३ सालीं तर १ फेब्रुवारी रोजीं ताब्यांत असलेल्या परवानाधारकांसही भाडेकरूंचे हक्क मिळाले. परिणाम काय झाला? भाडें डागडुजीलाही पुरेना, म्हणून चाळी खचल्या. पागडीचा चोरटा व्यवहार बोकाळला. आणि एकदां आंत शिरलेला मनुष्य बाहेर निघत नाहीं, या धास्तीनें मालकांनीं दारांस कुलुपें घातलीं. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरविल्या, आणि महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलांत आला.

या नव्या कायद्यानें मालकाची धास्ती पुष्कळ अंशीं दूर केली आहे. ‘लीव्ह अँड लायसेन्स’ करारानें राहावयास दिलेल्या जागेची मुदत संपली कीं कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवितां येतो, आणि अडून बसणारास दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. उलट बाजूस कलम ५५ आहे. त्याप्रमाणें करार लेखी असला पाहिजे, नोंदविला पाहिजे, आणि नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदविला नाहीं तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें ग्राह्य धरलें जातें. मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्हीं होऊं शकतात. अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी नको, ही समजूत महाराष्ट्रापुरती निखालस चुकीची आहे. वरील उदाहरणांत पाव टक्का मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी मिळून खर्च अडीच हजारांच्या आंत येतो. तेवढ्यासाठीं ३ लाखांची अनामत तोंडी भरंवशावर सोडणारे सुशिक्षित लोक आम्हीं वकिलीच्या धंद्यांत पाहिले आहेत. आमच्या व्यापारी वाचकांपैकीं कोणी एवढी उधारी वहींत न लिहितां देईल काय?

परंतु पैसा आणि कागद दोन्हीं तयार असतांही ज्यास दार उघडत नाहीं, त्याचें काय? १९१७ सालीं कोलंबिया विद्यापीठांत शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां जातीमुळें त्यांना तेथें राहावयास जागा मिळाली नाहीं. पारशी विश्रामगृहांतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावानें बाहेर काढलें. आज काठ्या दिसत नाहींत. आडनाव विचारतात, खातां काय म्हणून विचारतात, स्त्री एकटी असेल तर लग्न कां झालें नाहीं हेंही विचारतात, आणि मग ‘जागा गेली’ असें दलाल कळवितो.

‘घर माझें, कोणास द्यावें तें मी ठरवीन,’ असें यावर उत्तर मिळतें. पण दुकानदारही एके काळीं हेंच म्हणत असे, आणि घटनेच्या १५ व्या अनुच्छेदानें दुकानें व उपाहारगृहें यांपुरतें तें उत्तर मोडून काढलें. खाजगी घर त्या शब्दांत येत नाहीं, ही उणीव आहे. २००५ सालीं एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सभासदत्व एका समाजापुरतें ठेवणारा उपनियम वैध ठरविला, तेव्हां ही उणीव स्पष्ट झाली. स्वतःच्या राहत्या घरांतील खोली कोणास द्यावी हें मालकानें खुशाल ठरवावें. परंतु जाहिरात देऊन, दलाल नेमून जो घर बाजारांत मांडतो, त्यानें बाजाराची रीतही पाळली पाहिजे.

म्हणून विधिमंडळानें दोन गोष्टी कराव्या, असें आमचें स्पष्ट मत आहे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं मान्य केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यांत राहत्या जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. पण तो केवळ नमुना आहे, राज्यानें स्वीकारल्याखेरीज तो कोणास बांधीत नाहीं. ती मर्यादा येथें कायद्यानें घालावी. दुसरें, जात, धर्म किंवा एकटेपणा या कारणांवरून भाड्याचें घर नाकारणें दंडनीय करावें. मालकाच्या मालमत्तेस कलम २४ चें संरक्षण मिळालें, तें योग्यच झालें. त्याच न्यायानें भाडेकरूच्या पैशास आणि प्रतिष्ठेस संरक्षण मिळालें पाहिजे.

तोंवर वाचकांनीं आपल्यापुरतें एवढें तरी करावें: घर देणारानें करार नोंदवावा, घेणारानें नोंदल्याशिवाय अनामत देऊं नये, आणि सोसायटीच्या सभेंत कोणी आडनावावरून भाडेकरू नाकारूं लागला तर उठून विरोध करावा. हें शेवटचें काम कायद्याची वाट न पाहतां उद्यांपासूनच करतां येण्यासारखें आहे.