प्लॅटिनम जटिल संयुगांचे समुच्चयन

प्लॅटिनम जटिल संयुगांचे समुच्चयन म्हणजे द्विसंयुजी प्लॅटिनमचे सपाट रेणू किंवा आयन एकमेकांवर रचले जाऊन जोड्या, स्तंभ वा साखळ्या तयार होण्याची प्रक्रिया होय. ती द्रावणात तसेच घन अवस्थेत घडते. तिच्यामुळे पदार्थाचा रंग बदलतो. म्हणजेच अशा संयुगांचा रंग एकट्या रेणूवर नव्हे, तर रेणूंच्या परस्पर मांडणीवरही अवलंबून असतो.

कारण

द्विसंयुजी प्लॅटिनमभोवती चार लिगंड चौरसाच्या कोपऱ्यांवर असतात. प्रतलाच्या वरची व खालची बाजू मोकळी राहते. दोन रेणू समोरासमोर येऊन प्लॅटिनम अणूंमधील अंतर सुमारे ०.३५ नॅनोमीटरपेक्षा कमी झाले, की प्रतलाला लंब असलेले त्यांचे कक्षक एकमेकांत मिसळतात. त्यामुळे सर्वांत वरची भरलेली ऊर्जापातळी उंचावते, रिक्त पातळीशी असलेले तिचे अंतर घटते आणि प्रकाशाचे शोषण अधिक तरंगलांबीकडे सरकते.

घन अवस्था

याचे जुने उदाहरण म्हणजे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख गुस्टाव्ह मॅग्नस यांच्या नावाने ओळखला जाणारा 'मॅग्नसचा हिरवा क्षार'. त्यातील टेट्राअमाइनप्लॅटिनम हा धन आयन रंगहीन, तर टेट्राक्लोरोप्लॅटिनेट हा ऋण आयन लाल असतो. तरीही दोघांचा क्षार हिरवा दिसतो. स्फटिकात हे आयन आळीपाळीने एकावर एक रचलेले असून प्लॅटिनम अणूंमधील अंतर सुमारे ०.३२५ नॅनोमीटर असते. अमोनियाऐवजी आकाराने मोठे इथिलअमाइन घेतल्यास अणू दूर जातात व क्षार गुलाबी होतो.

द्रावण

विरल द्रावणात रेणू सुटे राहतात. संहती वाढविल्यास समुच्चयाचा शोषणपट्टा संहतीच्या प्रमाणापेक्षा अधिक वेगाने वाढतो; केवळ जोड्या बनत असतील, तर आरंभी तो संहतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तापविल्यास समुच्चय सहसा विलग होतात. द्रावकाचा परिणामही ठळक असतो. २००२ मध्ये हाँगकाँग येथील व्हिव्हियन याम व सहकाऱ्यांनी टरपिरिडिन लिगंड असलेल्या एका प्लॅटिनम संयुगाच्या द्रावणात डायइथिल ईथर मिसळल्यावर पिवळा रंग हिरवा व पुढे निळा होतो, असे दाखविले. ईथरमध्ये हे आयनी संयुग विरघळत नसल्याने त्याचे आयन एकत्र येतात.

उपयोग

काही घन संयुगे द्रावकाची वाफ शोषून रंग बदलतात. त्यांचा वाफेच्या संवेदकांसाठी अभ्यास होतो. प्रकाश-उत्सर्जक डायोडमध्ये समुच्चयनामुळे तांबडा प्रकाश मिळविता येतो. निळा प्रकाश हवा असल्यास मात्र तेच अडथळा ठरते. तेव्हा लिगंडांना अवजड गट जोडून रेणू दूर ठेवले जातात.