इंजिनिअरने दोष काढले, आता घराचा भाव किती कमी करायचा?

जुनं घर विकायला काढलं की एक प्रसंग हमखास येतो. भाव ठरतो, टोकन दिलं जातं, सगळ्यांची तोंडं गोड होतात. मग खरेदीदार म्हणतो, "एकदा आमचा इंजिनिअर येऊन बघून जाईल." इंजिनिअर येतो, भिंतींवर ठकठक करतो, फोटो काढतो. आठवड्याने फोन येतो, "घरात बरीच कामं निघालीत. पाच लाख कमी करा." इथून पुढे अनेक सौदे मोडतात, नाहीतर मनं दुखावून पूर्ण होतात.

आमच्यावर ही वेळ आली तेव्हा आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. शाळेत मुलांना शेकडेवारी शिकवणं वेगळं आणि आपल्याच घराच्या किमतीतून वजाबाकी करणं वेगळं. आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबांत वडिलोपार्जित फ्लॅट विकून वाटणी करायची असते. त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून आमचा अनुभव आणि त्यातून शिकलेल्या गोष्टी इथे मांडतो आहोत.

आमचा मामला

पनवेलला अब्बांचा वन बीएचके होता. इमारत १९९४ ची, फ्लॅट सर्वात वरच्या मजल्यावर. अम्मी आधीच गेल्या होत्या, अब्बांच्या नंतर घर बंद पडलं. आम्ही तिघं भावंडं, एक भाऊ आणि दोन बहिणी. भावाचे दोन वाटे, बहिणींचा एकेक, असे चार वाटे ठरले. सौदा ४६ लाखांना झाला, एक लाख टोकन मिळालं. धाकट्या बहिणीने तिच्या वाट्यातून मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायचं ठरवलं होतं. म्हणजे भावातला प्रत्येक रुपया कुणाच्या तरी घरचा होता.

खरेदीदाराच्या इंजिनिअरने सहा पानांचा अहवाल दिला. बेडरूमच्या छताला ओल. बाथरूमखालून गळती. स्वयंपाकघराच्या बीममधल्या सळया गंजून काँक्रीट फुगलेलं. वायरिंग जुनं, अर्थिंग नाही. लाद्या झिजलेल्या, खिडक्या जुन्या. बाल्कनी बंद करून घेतलेली, तिची परवानगी नाही. खाली एकच आकडा, पाच लाख.

आमची पहिली प्रतिक्रिया रागाची होती. पण खरं सांगायचं तर त्या रागात थोडी शरमही होती. घर दाखवायच्या आधी एजंट म्हणाला होता, "छताला एक हात रंग मारून घ्या, ओल दिसणार नाही." आणि आम्ही तो मारला होता. बाथरूमच्या गळतीबद्दल खालच्या मजल्यावरच्या चाची दोन वर्षं तक्रार करत होत्या, तेही आम्हाला माहीत होतं. इंजिनिअरने ओल मोजायचं यंत्र छताला लावलं आणि नव्या रंगाखालचा सगळा हिशेब बाहेर आला.

दोष लपवला तर काय होतं?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याचं कलम ५५ विकणाऱ्यावर एक जबाबदारी टाकतं. घरातला किंवा मालकी हक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तो विकणाऱ्याने स्वतः सांगायचा असतो. तो दडवणं कायद्याच्या नजरेत फसवणूक ठरते.

आपल्याकडे तर ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हुजूर (स.) यांनी हात घातला, बोटांना ओल लागली, आणि भिजलेलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही, असं त्यांनी विचारलं. त्या दिवशी आमच्या छताची ओल आणि ती ओल यात आम्हाला काही फरक वाटेना. फिकहमध्ये याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात. विक्रीच्या आधीपासून असलेला, पण खरेदीदाराला माहीत नसलेला ऐब निघाला तर त्याला माल परत करण्याचा हक्क मिळतो. हनफी आणि शाफई मतांप्रमाणे मूळ नियम असा की ठेवायचं तर ठरलेल्या किमतीला ठेवा, नाहीतर परत करा. भाव कमी करणं दोघांच्या राजीखुशीवर. म्हणजे वाटाघाटीला बसणं हाच सरळ रस्ता.

आम्ही खरेदीदाराला फोन केला आणि आधी कबुली दिली, "छताला रंग आम्ही मारला होता, बाथरूमचं आम्हाला माहीत होतं. आमचं चुकलं." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "ठीक आहे, बसून बोलू." सौदा त्या वाक्याने वाचला असं आम्हाला आजही वाटतं.

अहवालाचे चार ढीग करा

पाच लाख हा आकडा एकदम मान्य करू नका आणि एकदम नाकारूही नका. अहवालातली प्रत्येक ओळ कुठल्या तरी एका ढिगात टाका.

पहिला ढीग, डोळ्यांना दिसणारं जुनेपण. झिजलेल्या लाद्या, जुन्या खिडक्या, पिवळा पडलेला रंग. खरेदीदाराने घर पाहून भाव सांगितला तेव्हा हे दिसतच होतं. ते भावात आधीच धरलेलं आहे, त्यासाठी पुन्हा कपात नाही.

दुसरा ढीग, सोसायटीची कामं. आदर्श उपविधींनुसार गच्चीतून पावसाचं पाणी गळून वरच्या मजल्याचं छत खराब झालं, तर ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते. बाहेरच्या सामाईक पाइपची गळतीही तशीच. हा खर्च पूर्णपणे विकणाऱ्याच्या माथी मारणं बरोबर नाही. मात्र आपल्या बेसिन-संडासातून होणारी गळती ज्याची त्याने दुरुस्त करायची असते.

तिसरा ढीग, खरे लपलेले दोष. गंजलेला बीम, बाथरूमच्या लादीखालची गळती, अर्थिंग नसलेलं वायरिंग. इथेच खरी वाटाघाट.

चौथा ढीग, कागदाचे दोष. विनापरवाना बंद केलेली बाल्कनी, सोसायटीची थकबाकी, शेअर सर्टिफिकेटवर अजून वारसांची नावं न चढणं. यात खर्चापेक्षा अडथळा मोठा. बँकेचा वकील किंवा मूल्यांकन करणारा इथेच फाईल थांबवतो. हे विकणाऱ्याने स्वतः निस्तरलेलं बरं. आम्ही बाल्कनीची भिंत काढून मूळ नकाशाप्रमाणे करून दिली.

आकडा कुठून आणायचा?

इंजिनिअर दोष सांगतो. दुरुस्तीचा दर मात्र ठेकेदाराकडून घ्यावा लागतो. आम्ही दोन ठेकेदारांना अहवाल दाखवून लेखी दर मागितले, खरेदीदाराने एक आणला. बाथरूमचे दर १ लाख ३५ हजार ते १ लाख ६० हजार आले. बीमचे ७० ते ८० हजार. वायरिंगला साधारण ६० हजार. पाच लाखांची बेरीज आपोआप तीन लाखांच्या आत आली, कारण उरलेल्या पैशांत लाद्या, खिडक्या आणि छत मोजलेलं होतं. कागद समोर असले की आवाज चढत नाही, हे आम्ही त्या बैठकीत पाहिलं.

कपात की दुरुस्ती?

इथे बहुतेकांचं एका गोष्टीकडे लक्ष जात नाही. खरेदीदार बँकेचं कर्ज घेत असेल तर भाव कमी झाला की कर्जही कमी होतं. ३० ते ७५ लाखांच्या दरम्यानच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते. समजा भाव पाच लाखांनी उतरला. कर्ज चार लाखांनी घटलं, खरेदीदाराच्या खिशातले वाचले फक्त एक लाख. आणि दुरुस्ती तर त्याला रोखीनेच करायची आहे. आमच्या खरेदीदाराने हे मोकळेपणाने सांगितलं, "भाव कमी केलात तरी काम करायला माझ्या हातात पैसे उरत नाहीत."

म्हणून तीन पर्याय समोर ठेवावेत. एक, भाव कमी करणं. दोन, विकणाऱ्याने खरेदीखताच्या आधी काम करून देणं आणि त्याच इंजिनिअरकडून ते पुन्हा तपासून घेणं. तीन, ठरावीक रक्कम शेवटच्या हप्त्यातून राखून ठेवून काम झाल्यावर देणं. तीनही मिसळता येतात. जे ठरेल ते साठेकरारात रकमेसह आणि तारखेसह लिहावं, तोंडी ठेवू नये.

आमचं असं ठरलं. साठेकराराच्या वेळी मिळालेल्या पैशांतून बाथरूम आणि बीम आम्ही करून द्यायचं. वायरिंगचे ६० हजार भावातून वजा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वर्गणीतला आमचा थकलेला वाटा आम्ही भरायचा आणि काम कधी होणार याचं पत्र सोसायटीकडून आणून द्यायचं. बाथरूमला प्रत्यक्षात १ लाख ४८ हजार लागले, बीमला ७२ हजार. वायरिंग धरून एकूण २ लाख ८० हजार. चार वाट्यांत प्रत्येकी ७० हजार. ज्याचा जेवढा वाटा, तेवढा त्याचा खर्च. बहिणींना आकडे आधी दाखवले, मग होकार दिला. धाकटी म्हणाली, "सत्तर हजार गेले, पण कुणाची बद्दुआ तर नाही ना आली." फीला पैसे पुरले.

इथे घसरू नका

"कागदावर भाव कमी दाखवू, फरक रोख घ्या" असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य, यात जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागतं. म्हणजे रेडी रेकनरच्या खाली भाव नेऊन शुल्क वाचत नाही. भाव खरोखरच सरकारी मूल्याच्या दहा टक्क्यांहून जास्त खाली जात असेल तर आयकराचा प्रश्न दोघांनाही येऊ शकतो. आधी सीएला विचारा.

काही दोषांवर भाव कमी करून भागत नाही. महानगरपालिकेने इमारत 'सी-१' म्हणजे अतिधोकादायक ठरवली असेल तर ती रिकामी करून पाडायची असते. अशा घरात भावाची घासाघीस करण्यात अर्थ नाही.

घर घेणाऱ्यांसाठी

टोकनच्या पावतीतच लिहून घ्या की तपासणीत मोठा दोष निघाल्यास सौदा रद्द करून पैसे परत मिळतील, आणि तपासणीची मुदतही घाला. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. तुमचा इंजिनिअर एका फ्लॅटवरून पूर्ण इमारतीचा भरवसा देऊ शकत नाही. जमलं तर घर पावसाळ्यात बघा. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला विचारा, छताला पाणी येतं का? हा प्रश्न फुकट आहे आणि यंत्रापेक्षा कमी उपयोगी नाही.

विकणाऱ्यांना एकच सांगणं. खरेदीदाराचा इंजिनिअर येण्याची वाट बघू नका, आपलाच एक आधी बोलवा. काही हजार जातील, पण दोष आणि त्यांचा खर्च तुम्हाला आधी कळेल आणि भाव सांगताना नजर खाली करावी लागणार नाही. काम झाल्यावर आम्ही खालच्या चाचींकडे गेलो, त्यांचं छतही पुसून रंगवून दिलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांनी आम्हाला चहाला बसवलं.